वजनात घट नाही

पोहाचा, म्हणजे आपल्या पौषाचा, महिना लागला की चंदीगडच्या मनीमाजऱ्यातल्या सराफ गल्लीला पेंग येते. पंजाब्यांकडं या महिन्यात लग्नं धरत नाहीत. संक्रांतीच्या आदल्या दिवशीची लोहडी झाल्याशिवाय कोणी जुनी बांगडी मोडत नाही आणि नवी घडवत नाही. त्यात धुकं. सकाळचे दहा वाजले तरी समोरच्या दुकानाची पाटी दिसत नाही, आणि दिसली तरी वाचायला गिऱ्हाईक कुठाय? अशा दिवसांत कृष्णा पवार आपल्या नऊ बाय सातच्या खोलीत भट्टीपुढं बसून खोकत असे.

खोकला जुना होता. विट्याकडची माणसं सोनं-चांदी गाळायला मुलूखभर पांगली, त्यांत कृष्णाचा आजा अमृतसरला आला, बाप अंबाल्याला आणि कृष्णा चंदीगडला. तिघांचीही भट्टी तीच, तेजाब तेच आणि खोकलाही तोच. गलाईवाल्याला खोकला असायचाच, असं बाप म्हणायचा. म्हणत म्हणतच तो पंचावन्नाव्या वर्षी गेला. कृष्णाला आता सत्तेचाळीस चालू होतं. त्याच्या उजव्या हाताचा आंगठा तेजाबानं कायमचा पिवळा पडला होता आणि भुवया निम्म्याच उरल्या होत्या.

डिसेंबरात बायकोनं, नीलानं, त्याला ओढतच मोठ्या हॉस्पिटलात नेलं. चार तास रांगेत उभं राहिल्यावर एक तरुण डॉक्टरीण भेटली. तिनं छातीचा फोटो उजेडापुढं धरला.

"काम क्या करते हो?"

"सोना गलाता हूँ जी."

"छोड़ सकते हो?"

कृष्णाला हसू आलं. हसता हसता खोकला आला आणि तो लवकर थांबेना. तो ओसरल्यावर डॉक्टरिणीनं फोटो पाकिटात घातला.

"दो साल और इस धुएँ में बैठे, तो फिर सिलेंडर लगाकर बैठोगे. आपकी मर्जी."

घरी आल्यावर चूल पेटवायच्या आधी नीला म्हणाली, "दोन वर्सांत आपली इरा बारावीतबी जायाची न्हाई."

देवाला कधी कधी दार किलकिलं करायची लहर येते. त्याच आठवड्यात रुपेश आला. रुपेश त्यांच्या शेजारच्या गावचा, पंचकुल्यात त्याचा टंच, म्हणजे सोन्याचा कस, काढायचा गाळा होता. तिथं भट्टी नव्हती. एक मशीन होती. डबीत दागिना ठेवायचा, झाकण लावायचं, की मिनिटभरात सोनं किती, तांबं किती, सगळं छापून कागद बाहेर.

"आण्णा, मी संक्रांतीला गावाकडं चाललो कायमचा," रुपेश म्हणाला. "मशीन काय पाठीवर बांदून न्हेनार हाय? तुमी घ्या, गाळ्यासकट. लोकास्नी नऊ सांगतोय, तुमास्नी आठ लाख. ना धूर, ना राख. खुर्चीवर बसायचं."

"आमी कसोटीवर एक रेघ वडून सांगतो, ते तुजं डबडं सांगनार व्हय?"

"डबडं खोकत न्हाई आण्णा."

कृष्णानं मनात हिशेब मांडला. नीलाचे दागिने आणि साठवलेलं धरून तीन लाखांच्या पुढं काटा सरकत नव्हता. रुपेशनं लोहडीपर्यंत थांबायचं कबूल केलं. त्याच्या पुढं त्याचाही इलाज नव्हता.

मोहोर आठवली ती नीलाला. आज्याला अमृतसरच्या कुठल्याशा शेठनं वर्षाच्या कामाची म्हणून दिलेली ती सोन्याची मोहोर औषधाच्या डबीत, कापसात, पत्र्याच्या पेटीच्या तळाशी तीन पिढ्या पडून होती. तिला कोणी गळ्यात बांधलं नाही की देवात ठेवलं नाही. आज्यानं सांगितलेलं, अगदी नड आली तर मोडा. घरात नडी कितीतरी येऊन गेल्या, पण प्रत्येक वेळी कुणीतरी म्हणालं, ही ती नड नव्हं.

नीलानं डबी उघडली. एका बाजूला कुणा गोऱ्या राजाचा मुखडा, दुसरीकडं सिंह आणि त्याच्या मागं ताडाचं झाड. सगळ्यावर एक तांबूस काळपट झाक चढलेली.

"सोन्याच्या भावानं दीड लाखाच्या आतच," कृष्णा हातावर तोलून म्हणाला. तराजूची त्याला फक्त खात्री करायला गरज लागायची.

नववीतली त्यांची लेक इरा मराठी ऐकायची, उत्तर हिंदीत द्यायची. तिनं मोबाईलवर मोहोरेचे दोन्ही बाजूंनी फोटो काढले.

"पापा, सोने के भाव पे मत जाओ. ऐसे कॉइन नीलाम होते हैं. जयंत अंकल कलेक्ट करते हैं ना, उनको भेजूँ?"

जयंतराव सेक्टर तीसच्या प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ होते, पुण्याचे. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीतली त्यांची ओळख. मंडळाची चांदीची समई, ताम्हनं आणि प्रभावळ दरवर्षी काळवंडायची आणि दरवर्षी कृष्णा ती फुकट उजळून द्यायचा. "कृष्णाजी, तुमच्या हाताला जादू आहे," असं जयंतराव दर वर्षी चारचौघांत म्हणायचे, आणि कृष्णा ते वाक्य पुढच्या गणपतीपर्यंत पुरवून वापरायचा.

रात्री जेवणाआधीच त्यांचा फोन आला.

"कृष्णाजी, फोटो पाहिले. अशा मोहोरा फार थोड्या राहिल्यात हो, आणि या अवस्थेतली तर मी हातात घेतलेली नाही. खरी असेल तर सहा लाखांना घेणारा माणूस माझ्या ओळखीत आहे. रविवारी या घेऊन. आणि आहे तशी आणा."

"आहे तशीच आनतो साहेब. एक गुंजसुद्दा कमी व्हनार न्हाई."

तिकडं जयंतराव हसले. गलाईवाल्याच्या प्रामाणिकपणाचं त्यांना कौतुक वाटलं असणार. फोन ठेवल्यावर कृष्णानं नीलाकडं बघितलं, नीलानं त्याच्याकडं. त्या रात्री नीलानं भाजीत तेल जरा सढळ घातलं.

कृष्णाला मात्र एक शब्द सलत राहिला. खरी असेल तर. तीस वर्षांत त्याच्या हातून खोटं सोनं खरं म्हणून गेलं नव्हतं. पवाराचा टंच म्हटलं की सराफ दुसऱ्यांदा कसोटी लावत नसत. आता साहेबांसारख्या माणसापुढं परखल्याशिवाय वस्तू ठेवायची? उद्या खोट निघाली तर तोंड कुठं लपवायचं?

शनिवारी त्यानं दुकानाचं शटर थंडीमुळं निम्मं खाली ओढून घेतलं. आधी मोहोर काट्यावर ठेवली. अकरा ग्रॅम सहाशे चाळीस मिलीग्रॅम. आकडा पाटीवर खडूनं लिहिला. मग काळा कसोटीचा दगड मांडीवर घेऊन त्यानं मोहोरेची कड त्यावर ओढली. एकदा ओढून समाधान झालं नाही म्हणून पुन्हा, जरा दाबून. पिवळी रेघ उमटली. रेघेवर तेजाबाचा थेंब सोडला. रेघ जागची हलली नाही.

"बावीस," तो स्वतःशीच म्हणाला, आणि त्याला बापाची आठवण आली.

खरी तर निघाली. पण सिंहाच्या आयाळीत काळं साचलेलं, राजाच्या कानामागं काळं, ताडाची पानं ओळखू येत नव्हती. अशी मळकी वस्तू सहा लाख देणाऱ्यापुढं ठेवायची? ज्या साहेबानं दर वर्षी हातातली जादू वाखाणली, त्याच्यापुढं? नवरी बघायला पाहुणे येणार आणि पोरीला तोंड धुऊ द्यायचं नाही, असं कुठं असतं का?

त्यानं काचेच्या भांड्यात पाण्यात तेजाब सोडलं, खालून मंद आच लावली आणि चिमट्यानं मोहोर आत सरकवली. भांड्यातून वाफ उठली आणि निम्म्या शटरमुळं आतच घोटाळत राहिली. कृष्णानं नाकावर मफलर धरला. तरी खोकला उठलाच, पोटातून, आतडी पिळवटून. भिंतीला धरून तो ओणवा झाला, डोळ्यांतून पाणी आलं. पण चिमटा त्यानं सोडला नाही. वेळ चुकली तर सोनं निस्तेज होतं.

नंतर रिठ्याचं कोमट पाणी केलं. पितळी तारांचा ब्रश घेऊन त्यानं मोहोर गोल गोल घासली. वाद्यावर हात फिरवावा तसा त्याचा हात फिरत होता. काळं निघालं. आयाळीचा केस न् केस वेगळा झाला. राजाचा गाल लखलखला.

दुपारी नीला डबा घेऊन आली, मागं इरा. कृष्णानं पिवळ्या आंगठ्यावर मोहोर धरून दाखवली.

"आगं बया," नीला म्हणाली, "कालच पाडल्यागत दिसतीया."

इरा जवळ येऊन बघत राहिली. "फोटो में तो लाल-लाल थी ना?"

"त्यो मळ हुता."

"अच्छी लग रही थी वैसे."

"मळ कधी चांगला दिसतो व्हय गं?" नीला हसली.

कृष्णानं मोहोर पुन्हा काट्यावर ठेवली. अकरा ग्रॅम सहाशे चाळीस. पाटीवरच्या आकड्याखाली त्यानं तोच आकडा लिहिला. "बगा. आहे तशी. घट न्हाई."

रविवारी तिघं निघाले. नीलानं लग्नातली शाल काढली होती. कृष्णानं स्वेटर धुतला होता, पण तेजाबाचा वास धुतल्यानं जात नाही. बसमध्ये शेजारची बाई सरकून बसली, तेव्हा त्यानं हात बगलेत घेतले. नीलानं माहेरून आलेली आपली राणीछाप गिनीही बरोबर घेतली होती, साहेबांनी बघितली तर बघितली म्हणून.

जयंतरावांच्या क्वार्टरात हीटर चालू होता. त्यांनी स्वतः दार उघडलं, बसा बसा म्हणाले, चहा आला, तिळाच्या वड्या आल्या. मग त्यांनी टेबलावर मऊ निळं कापड पसरलं, दिवा जवळ ओढला, भिंग काढलं. ही तयारी बघून कृष्णाला बरं वाटलं. आपल्या जिनसेला कोणीतरी मान देतंय.

त्यानं डबी पुढं केली. "घ्या साहेब. डोळं दिपतील."

जयंतरावांनी डबी उघडली आणि त्यांचा हात थांबला. मग दोन बोटांनी, फक्त कडेला धरून त्यांनी मोहोर उचलली. सोनं असं धरलेलं कृष्णानं कधी पाहिलं नव्हतं. तान्ह्या पोराची टाळू सांभाळावी तसं ते धरत होते.

"कृष्णाजी, ही कुणी धुतली?"

"मीच," कृष्णा खुशीत म्हणाला. "तेजाबातनं काढली, मग रिठ्याचं पानी आन पितळी ब्रश. दोन तास बसलो हुतो."

जयंतरावांनी मोहोर दिव्याखाली तिरकी केली. राजाच्या गालावर बारीक बारीक ओरखडे उमटले, गोल गोल, हात फिरला होता तसे. मग त्यांनी कड फिरवली.

"आणि हे इथं?"

"कसोटी लावली की. तुमी म्हनला न्हवं, खरी असंल तर. बावीसचा टंच हाय साहेब, डोळं झाकून घ्या."

जयंतरावांनी मोहोर कापडावर ठेवली आणि चष्मा काढला. नीलाच्या हातातली वडी तशीच राहिली. नवऱ्याच्या आधी तिला कळलं होतं.

"चूक माझी आहे," जयंतराव हळू म्हणाले. "मी स्पष्ट सांगायला पाहिजे होतं. या नाण्याला कोणी सोन्याचे पैसे देत नाही हो. जवळजवळ दोनशे वर्षं तिला कोणाचा हात लागला नव्हता, त्याचे पैसे होते. तो रंग, ती झाक, ती परत आणता येत नाही."

"पन वजन तेवडंच हाय साहेब. आधी केलं, मागनं केलं. एक मिली घट न्हाई."

"वजनाचं नाही, कृष्णाजी."

"तुमी आहे तशी आना म्हनला, तर मी..." कृष्णानं मोहोरेकडं हात केला. गलाईवाल्याच्या जगात आहे तशी याचा एकच अर्थ असतो, की त्यातून चोरायचं नाही. त्यानं चोरलं नव्हतं.

"आता किती येतील?" नीलानं विचारलं.

"ज्याला सांगितलं होतं तो आता घेणार नाही. दुसरा कोणी सोन्याच्या भावावर वीस-पंचवीस हजार देईल. मीच देतो तेवढे, हवे तर."

नीलानं पदराची गाठ सोडली आणि गिनी कापडावर ठेवली. "हिला बगा. हिला कुनीबी हात लावलेला न्हाई. आईनं दिली तशी कापसात हाय."

जयंतरावांनी भिंगातून बघितलं आणि त्यांचा चेहरा क्षणभर उजळला. "सुरेख आहे. अगदी टाकसाळीतून आल्यासारखी." मग चेहरा पुन्हा पडला. "पण वहिनी, अशा गिन्या घरोघरी आहेत. हिलाही सोन्याच्या वर फार काही मिळणार नाही."

"म्हंजे जी जपली ती समद्यांकडं हाय," नीला म्हणाली, "आन जी कुनाकडं न्हाई ती आमी घासली."

इरानं मोहोरेकडं बोट केलं.

"अंकल, ये इतनी रेअर क्यों है? कम बनी थी क्या?"

"नहीं बेटा, बनी तो काफी थीं," जयंतराव सवयीनं बोलून गेले. "लोगों ने गलवा दीं."

बोलल्यावर त्यांचं लक्ष कृष्णाच्या पिवळ्या आंगठ्याकडं गेलं आणि त्यांनी मान खाली घातली. कृष्णानं हात टेबलाखाली घेतला. चोरी पकडली गेल्यासारखी त्याला लाज वाटली, आणि चोरी केलेली नसताना वाटली म्हणून जास्त वाटली.

परतीच्या बसमध्ये काचेला धुकं चिकटलेलं होतं. कृष्णाला अंबाल्याचा एक म्हातारा सरदार आठवला. पंधरा-सोळा वर्षं झाली असतील. पोरगं कॅनडाला पाठवायचं होतं त्याला. रुमालात बांधून अकरा मोहोरा आणल्या होत्या. सिंह होता. ताडही होता. कृष्णानं त्या एका मुशीत बसतील का याचाच विचार केला होता. बसल्या होत्या. गाळलेल्या सोन्याची चिप इतकी सुबक उतरली होती की बापानं पाठीवर थाप मारली होती. आणि ही एक आठवण झाली. न आठवणाऱ्या किती असतील? बापाच्या? आज्याच्या? तिघांनी जन्मभर भट्टी फुंकून ही मोहोर दुर्मिळ केली आणि शेवटी हाताशी आलेली एक पितळी ब्रशानं घासून टाकली. करायला गेलो गणपती आणि झालं माकड, असं म्हणून सोडून देण्याजोगं हे नव्हतं.

"माज्याच हातानं," तो म्हणाला.

"तुमच्या हाताला दुसरं काय येतंय वो?" नीला म्हणाली. ती रागानं बोलली नव्हती, तरी कृष्णाच्या ते जिव्हारी लागलं. मग तिनं शालीचं अर्धं टोक त्याच्या छातीवर ओढलं, कारण गाडीच्या फटीतून वारं येत होतं.

लोहडीच्या संध्याकाळी गल्लीत शेकोट्या पेटल्या, पोरं शेंगदाणे आणि रेवड्या आगीत टाकत गाणी म्हणत फिरली. रुपेशचा फोन त्याच वेळी आला. लुधियान्याचा एक माणूस रोकड घेऊन दारात बसला होता. "आण्णा, मी काय करू सांगा." कृष्णानं सांगितलं, देऊन टाक. मोहोर त्यानं विकली नाही. पुन्हा कापसात गुंडाळून पेटीच्या तळाशी ठेवली, आणि ठेवताना तिच्याकडं बघितलं नाही.

लोहडी झाली तसं पिवळं, आजारी ऊन पडलं आणि लग्नसराईची माणसं गल्लीत येऊ लागली. तिसऱ्या दिवशी पंचकुल्याहून गाडीतनं एक बाई आली. कृष्णा भट्टीपुढं होता, शटर पूर्ण उघडं. तिनं पर्समधून कागदाची पुडी काढली.

"भैया, इसकी चिप बना दो. सुनार को टीके के लिए देनी है."

पुडीत एक नाणं होतं. फारसी अक्षरं, दोन्ही बाजूंना. अक्षरांच्या खळग्यांत तांबूस काळपट झाक. कुणाचा हात न लागलेलं.

कृष्णाला ती अक्षरं वाचता येत नव्हती. ते रुपया-दोन रुपयांसारखं सर्रास होतं की जगातलं शेवटचं होतं, हे कळायला त्याच्याकडं काहीच नव्हतं. कसोटीचा दगड शेजारीच होता, पण ते दगडाला कळत नाही.

"बीबीजी, पुराना सिक्का है. एक बार किसी को दिखा लो. सेक्टर तीस में एक साहब हैं, मुफ्त में देख देंगे. बस इसको धोना मत."

बाईनं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "अच्छा. और तब तक तुम्हारे पास छोड़ जाऊँ?"

"नहीं जी, आप ही ले जाओ. मैं हाथ नहीं लगाता."

"भैया, मैं सब समझती हूँ. पुराना बोलोगे, फिर कोई तुम्हारा ही आदमी आकर सस्ते में ले जाएगा." ती वळून शेजारच्या गाळ्याकडं बघायला लागली. "परसों शगुन है. गलाते हो, या उधर दूँ?"

शेजारच्या गाळ्यात ब्लोअर घरघरत होता. तिथं कोणी विचारणार नव्हतं. कृष्णानं मोबाईल काढला. "एक फोटो ले लूँ?"

"फोटो किसलिए?"

त्यानं मोबाईल खिशात ठेवला. मग दोन बोटांनी, कडेला धरून नाणं उचललं.

"ठीक से पकड़ो," बाई म्हणाली, "गिर जाएगा."

काट्यावर आकडा आला. तिनं तो मोठ्यानं वाचला. कृष्णानं नाणं मुशीत ठेवलं, वर चिमूटभर टाकणखार टाकला, ब्लोअर सोडला. गलाईच्या दुकानात गिऱ्हाईक सोन्यावरची नजर काढत नाही, ही रीतच आहे. बाईनं काढली नाही. कृष्णा एरवी अशा वेळी आचेचा रंग बघायचा. आज तोही मुशीतच बघत होता. आधी कड मऊ झाली, मग एकेक अक्षर खचलं, आणि मग तिथं फक्त थरथरणारा पिवळा थेंब होता.

त्यानं तो साच्यात ओतला. पाण्यात बुडवताच चर्र झालं, वाफ त्याच्या तोंडावर आली आणि तो गुडघ्यांत डोकं घालून खोकत राहिला. बाई एक पाऊल मागं सरली. खोकला ओसरल्यावर त्यानं डोळे पुसले आणि चिप काट्यावर ठेवली.

"कम तो नहीं हुआ?"

कृष्णानं आकडा तिच्याकडं वळवला.

"नहीं जी," तो म्हणाला. "वजन पूरा है."